भंडारदऱ्याची प्रदक्षिणा: ग्रॅव्हल सायकलवर पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत ग्रॅव्हल सायकलची, म्हणजे कच्च्या आणि खडीच्या रस्त्यांवर चालवायच्या रुंद टायरच्या सायकलची, सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की आम्ही भंडारदरा सांगतो. धरणाच्या पाण्याला पूर्ण वळसा घालणारा रस्ता, वर्दळ कमी, एका बाजूला कळसूबाई, दुसऱ्या बाजूला रतनगड आणि कुठेही सलग दहा किलोमीटरचा घाट नाही. युरोपातल्यासारखी बारीक, दाबून बसवलेली पांढरी खडी इथे शोधू नका. इथलं ग्रॅव्हल म्हणजे उखडलेलं डांबर, लाल मुरूम, नुकतीच पसरलेली मोठी खडी आणि मधूनच चांगला डांबरी पट्टा. कुठला पट्टा कशाचा असेल, ते दर दिवाळीनंतर बदलतं. त्यामुळे नकाशापेक्षा चाकातली हवा आणि हातातलं घड्याळ यांकडे जास्त लक्ष द्यायचं आहे.

आधी जागा समजून घ्या

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेवर हे धरण आहे. काम 1910 मध्ये सुरू झालं, 1926 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. धरणाला विल्सन डॅम म्हणतात आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक. गावकऱ्यांसाठी मात्र सगळं ‘भंडारदरा’च. पाणी खाली शेतीला सोडलं जातं, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये रस्त्याला भिडलेलं पाणी मे महिन्यात पार लांब गेलेलं असतं आणि मधे मोकळा, तडे गेलेला गाळ दिसतो. या गाळावर सायकल घालू नका. वरची पापडी वाळलेली असते, पण दहा पावलं आत गेलात की खालचा ओला चिखल चाक गिळतो.

धरणाजवळचं गाव शेंडी. मुक्काम, चहा, जेवण, वाहन लावायची सोय इथे आहे, म्हणून सुरुवात आणि शेवट इथेच ठेवा. शेंडीतून दक्षिण काठाने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. तिथून जंगलातून साम्रद. मग घाटघरचा फाटा. आणि उत्तर काठाने उडदावणे, पांजरे, मुरशेत करत परत शेंडी. एकूण अंतर 45 किलोमीटरच्या आसपास, घाटघरला कड्यापर्यंत आत गेलात तर आणखी थोडं जास्त. आकडा ऐकून हायवेवरच्या 45 किलोमीटरचा हिशेब करू नका. नवख्याचा सरासरी वेग इथे ताशी 10 ते 12 किलोमीटर पडतो. थांबे धरून सात-आठ तास हाताशी ठेवा.

सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्या, ती खिशात ठेवा. रस्ता आणि वापरातली गाडीवाट सोडून जंगलात सायकल घालायची नाही. ड्रोन, मोठ्याने गाणी, चूल पेटवणं हेही नाही. इथे बिबट्या आहे, त्यामुळे अंधार पडायच्या आत गावात असणं हा साधा शहाणपणा.

कधी जावं

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरात हिरवळ आणि ओढ्यांना पाणी असतं, पण दुपारचं ऊन चटका देतं आणि पावसाने फोडलेला रस्ता अजून दुरुस्त झालेला नसतो. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगले. पहाटे मात्र कडाक्याची थंडी असते, पाण्याकाठच्या सावलीत बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या.

मार्च ते मे सकाळी लवकर निघून निम्मा टप्पा करून परतलात तर जमतं. मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी गाड्यांची रीघ लागते. शनिवार-रविवारी संध्याकाळी अरुंद रस्त्यावर मोटारी एकमेकींना अडून बसतात आणि वनविभाग वाहनांवर वेळेचे निर्बंध घालतो. त्या काळात सायकल नकोच.

जुलै-ऑगस्ट हा सगळ्यांचा आवडता आणि नवख्यांसाठी सगळ्यात वाईट काळ. घाटघर-रतनवाडीचा पाऊस जिल्ह्यात सगळ्यात जास्त. धुक्यात वीस मीटरपलीकडचं दिसत नाही, फरशी पुलांवर शेवाळ धरतं, धबधब्यांपाशी रस्त्यातच गाड्या उभ्या असतात. जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, मागे-पुढे दिवे लावून, शेंडी ते रतनवाडी एवढंच जाऊन परत फिरा.

सायकल कोणती चालेल

महागडी ग्रॅव्हल बाइक असलीच पाहिजे असं काही नाही. 700×38 (700 हे चाकाचं माप, 38 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये) किंवा त्याहून रुंद टायर बसणारी हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल चालते, साधी एमटीबी (माउंटन बाइक) सुद्धा चालते. 28 मिलिमीटर टायरची रोड बाइक मात्र घरी ठेवा. डिस्क ब्रेक असावेत, मेकॅनिकल असले तरी हरकत नाही. गिअरचं गणित सोपं आहे: पुढच्या सगळ्यात लहान चक्रीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीच्या दातांएवढे किंवा त्याहून कमी हवेत. पुढे 30, मागे 34 म्हणजे उत्तम. पुढे 40, मागे 42 म्हणजे चालेल. पुढे 34 आणि मागे 28 असेल तर सुट्या मुरमाच्या चढावर पाय जड पडतील, उभं राहून पेडल माराल आणि मागचं चाक जागीच फिरेल. बसूनच चढता येईल असा गिअर हवा, कारण तुमचं वजन मागच्या चाकावर राहिलं तरच ते पकडतं.

निघण्याच्या आठवडाभर आधी हे बघून घ्या. ब्रेक पॅडवरचा थर 1 मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर बदला; ओल्या मुरमाची पेस्ट होते आणि रेझिनचे पॅड ती बघता बघता खाऊन टाकते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर चिरा आहेत का बघा. हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) तपासायला पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. टकटक जाणवली तर आवळून घ्या, खडबडीत रस्त्यावर ती वाढतच जाते. बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि कॅरिअरचे स्क्रू निळ्या थ्रेडलॉकने (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाने) बसवा. इथे सगळ्यात जास्त सुटून पडतात ते हेच.

हवा: इथे घाई करू नका

नवखे लोक टायर दगडासारखा टणक भरून येतात आणि पाचव्या किलोमीटरला मनगटं, खांदे धरून बसतात. टणक टायर प्रत्येक खडीवर उडतो, पकड सोडतो आणि उतारावर सायकल आडवी सरकवतो. उलट हवा फारच कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर रिम थेट आपटते. ट्यूब दोन ठिकाणी शेजारी-शेजारी कापली जाते आणि सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. इथल्या उखडलेल्या डांबराच्या कडा धारदार असल्याने हा दुसरा प्रकार जास्त होतो.

साधारण 70 किलो वजनाच्या स्वाराने इथून सुरुवात करावी. 40 मिलिमीटरचा ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर: पुढे 30, मागे 33 पीएसआय. त्याच टायरात ट्यूब असेल तर पुढे 38, मागे 42. हायब्रिडचा 38 मिलिमीटरचा टायर ट्यूबसह: पुढे 42, मागे 46. वजन दहा किलोने जास्त असेल तर दोन-तीन पीएसआय वाढवा, कमी असेल तर तेवढेच उतरवा. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, छोटा गेज घ्या. पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये रिमचा ‘ठक्’ असा आवाज एकदाही आला तर तिथेच थांबून तीन-चार पीएसआय भरा. आवाज नाही, पण हात बधिर होतायत? मग दोन उतरवा.

ट्यूबलेस असेल तर 40 ते 45 मिलिमीटरच्या टायरात प्रत्येकी 60 ते 80 मिलिलिटर सीलंट (छोटी भोकं आतून बुजवणारं द्रव) असू द्या. आपल्याकडच्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाजवळ धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर पुन्हा भरा.

सोबत काय घ्यायचं

दोन ट्यूब घ्या, ट्यूबलेस असलं तरी. कारण गावातला पंक्चरवाला तुम्हाला मदत करू शकेलच असं नाही. आपल्या साध्या काळ्या सायकलची 28 इंची ट्यूब 700च्या चाकात बसवता येते, पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो आणि बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या रिमच्या साडेसहा मिलिमीटर भोकातून तो जातच नाही. मोटारसायकलच्या हवेच्या यंत्राला प्रेस्टा लागत नाही, त्यासाठी नखाएवढा पितळी ॲडॅप्टर मिळतो. तो पंपाला टेपने चिकटवून ठेवा. मग चांगला हातपंप, दोन टायर लिव्हर, पंक्चर पॅचेस, ट्यूबलेस टायरच्या भोकात खुपसायचे प्लग, ॲलन कीचा संच, चेन ब्रेकर आणि तुमच्या चेनच्या स्पीडची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी). आणखी एक वस्तू बहुतेक जण विसरतात: तुमच्या फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा. सायकल उजव्या बाजूला पडली किंवा काटकी मागच्या चक्रीत अडकली की हा ॲल्युमिनियमचा तुकडा वाकतो किंवा मोडतो आणि तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. शेंडीतच काय, नाशिकच्या दुकानातही तो हाताशी मिळेलच असं नाही.

टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा किंवा कापडी टेप. झिप टाय सहा. प्रथमोपचारात जंतुनाशक, गॉज, चिकटपट्टी आणि क्रेप बँडेज.

पाणी अडीच लिटर घेऊन निघा आणि रतनवाडीत पुन्हा भरा. ताशी अर्धा ते पाऊण लिटर लागतं. ओआरएसचं एक पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात घाला, अर्ध्या बाटलीत नको. घट्ट झालं तर पोट बिघडतं. खायला शेंगदाणा चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. दर पाऊण तासाने थोडं, भूक लागायची वाट न बघता. जेवण हवं असेल तर रतनवाडी किंवा घाटघरच्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून पिठलं-भाकरी सांगून ठेवा. ऐनवेळी गेलात तर चूल पेटण्यापासून सुरुवात होते आणि तासभर जातो. रोख पैसे ठेवा. मोबाइलला सगळीकडे रेंज नसते आणि रेंज नसली की यूपीआयही नाही. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या.

शेंडीला पोचणं

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या घोटीहून बारीमार्गे शेंडी साधारण 35 किलोमीटर. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. रेल्वेने इगतपुरी जवळचं. घोटी ते शेंडी सायकलने करता येतं, पण पहिल्या वेळी ते आणि प्रदक्षिणा एकाच दिवशी जोडू नका. आदल्या संध्याकाळी गाडीने पोचा, शेंडीत मुक्काम करा आणि झोपण्याआधी सायकल जोडून हवा तपासून ठेवा.

प्रत्यक्ष मार्ग

पाणी उजव्या हाताला ठेवून निघा, म्हणजे खरी प्रदक्षिणा. याला कारण देवाधर्मापेक्षा व्यवहाराचं आहे. रतनवाडीपर्यंतचे पहिले 20 किलोमीटर तुम्हाला हवा, गिअर, पाय सगळं जोखायला मिळतात आणि काही बिनसलं तर ओळखीच्या रस्त्याने मागे फिरता येतं. उन्हाळ्यात मात्र उलट जा. उत्तर काठ उघडा आणि दक्षिणेकडे तोंड केलेला असल्याने दुपारी तापतो; तो सकाळीच उरकलेला बरा.

हिवाळ्यात सात वाजता निघा. शेंडी ते रतनवाडी रस्ता काठाच्या वळणांबरोबर आत-बाहेर करतो. जिथे ओढा येऊन मिळतो तिथे उतार, फरशी पूल आणि लगेच चढ. एकेक चढ लहान, पण ते संपत नाहीत. युक्ती अशी: उतारावर असतानाच, पुलाच्या आधी हलका गिअर टाका. चढावर जोर लावत गिअर बदललात तर चेन कुरकुरते, कधी घसरते, कधी तुटते. फरशी ओली असेल तर तिच्यावर ना ब्रेक, ना वळण, ना पेडलला झटका. वेग आधीच कमी करून सरळ, पेडल आडवे ठेवून पार व्हा. पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल तर उतरूनही जाऊ नका. थांबा किंवा परत फिरा.

समोरून जीप आली की डांबर सोडून साईडपट्टीवर उतरावं लागतं. डांबराची कड हातभर नाही, पण चार-सहा बोटं उंच असते. उतरणं सोपं. परत चढताना तिरकं, कडेला समांतर येत चढायला गेलात की पुढचं चाक कडेला घासून सायकल अंगावर येते. नवखे सगळ्यात जास्त पडतात ते इथे. वेग कमी करा, थोडं दूर जा आणि कडेला शक्य तितक्या काटकोनात भिडा. चाक टेकायच्या क्षणी हँडल हलकं करा.

रतनवाडीत अमृतेश्वराचं प्राचीन शिवमंदिर आहे, शेजारी पुष्करणी. सायकल मंदिराच्या आवारात नेऊ नका. सव्वानऊ-साडेनऊपर्यंत इथे पोचलात तर वेळ जमला. अकरा वाजून गेले असतील, किंवा दोन्ही ट्यूब संपल्या असतील, तर इथूनच परत फिरा. पुढच्या टप्प्यात मागे फिरणं आणि पुढे जाणं दोन्ही सारखंच लांब पडतं.

रतनवाडी ते साम्रद हा टप्पा म्हणजे अख्ख्या फेरीचा जीव. झाडी दाट, वस्ती नाही, रस्ता सगळ्यात बेभरवशाचा. मुरमाच्या घट्ट थरावर बारीक सुटे खडे पसरलेले असतात; वळणावर ज्वारीच्या दाण्यांवर पाय ठेवल्यासारखं होतं. वळणात शिरायच्या आधी ब्रेक पूर्ण करून घ्या, वळताना बोटं ब्रेकवर ठेवा पण दाबू नका, बाहेरच्या बाजूचा पाय खाली, वजन त्यावर. नजर चाकापुढच्या दगडावर न ठेवता दहा मीटर पुढच्या मोकळ्या पट्ट्यावर. जिथे बघाल तिथेच सायकल जाते.

नुकतीच मोठी खडी पसरलेली असेल, मुठीएवढे दगड, रोलर न फिरवलेली, तर सरळ उतरून ढकला. यात कमीपणा काही नाही. त्या खडीवर टायरची बाजूची भिंत फाटते, आणि ते भोक सीलंट भरत नाही. थोड्या बारीक खडीवर मात्र एक पायरी जड गिअरमध्ये, सावकाश पण न थांबता पेडल मारा. हँडल घट्ट न पकडता सायकलला हातांखाली थोडं डुलू द्या. कोपर ताठ ठेवलात की पुढचं चाक भलतीकडे वळतं.

साम्रदला सांदण दरीसाठी येणाऱ्यांची गर्दी असते. दरीत उतरणं हा वेगळा दिवसाचा कार्यक्रम, सायकलच्या बुटांनी तर मुळीच नाही. पाणी भरा आणि पुढे व्हा.

साम्रद ते घाटघर चार-पाच किलोमीटर. फाट्यावरून कोकणकड्याकडे आत जायचं की नाही हे वेळ बघून ठरवा. बारा वाजायच्या आत असाल तर जाच. इथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली थेट कोकण. कड्याशी दुपारी वारा असतो, तेव्हा सायकल कठड्याला टेकवून ठेवू नका, आडवी ठेवा. खाली दिसतो तो घाटघर जलविद्युत प्रकल्पाचा परिसर: 250 मेगावॉटचा, वरच्या आणि खालच्या तळ्यात पाणी वर-खाली फिरवून वीज करणारा. जेवण इथे घ्या, पण पोटभर नको.

घाटघर ते शेंडी रस्ता तुलनेने बरा आणि त्यामुळेच फसवा. पाय थकलेले, पोट भरलेलं, डांबर दिसलं की वेग वाढतो आणि रंग न दिलेला गतिरोधक किंवा सावलीतला खड्डा नेमका तेव्हा येतो. झाडाच्या सावलीत खड्डा दिसत नाही. सावलीच्या पट्ट्यात शिरण्याआधी वेग उतरवा. उडदावणे, पांजरे, मुरशेत ही वस्तीची गावं आहेत. म्हशी दिसल्या की घंटी वाजवू नका, बिचकून त्या आडव्या येतात. हळू होऊन मागच्या बाजूने निघा. कुत्री मागे लागली तर उतरा आणि सायकल मधे ठेवून चालत राहा. मुलं शर्यत लावतील, लावू द्या. अडीच-तीनपर्यंत शेंडी.

काही झालंच तर

ॲम्ब्युलन्ससाठी 108, इतर आपत्तीसाठी 112. रेंज नसेल तर जवळच्या वाडीत जा. कुणाकडे तरी जीप किंवा पिकअप असते आणि ठरवून भाडं दिलं की सायकलसह शेंडीला सोडतात. म्हणूनच एकट्याने जाऊ नका, तिघे असाल तर उत्तम: एक जखमीजवळ, एक मदतीला. मोठा बाजार राजूरला आहे.

डिरेलर हँगर मोडला आणि सुटा हँगर नसेल तर चेन ब्रेकरने चेन लहान करून, डिरेलर वगळून, मधल्या एखाद्या चक्रीवर एकाच गिअरची सायकल करता येते. चक्री अशी निवडा की चेन पुढे-मागे सरळ रेषेत राहील, नाहीतर ती शेजारच्या चक्रीवर चढून आवळली जाते. चढ ढकलत, सपाटीवर चालवत परत पोचता येतं. हे घरी एकदा जुन्या चेनवर करून बघा.

घरी परतल्यावर सायकल साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा हब (चाकाचा मध्य) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधला आस) यांवर मारलात तर ग्रीस निघून जातं आणि मुरमाचं बारीक पीठ आत जाऊन बसतं. चेन कोरडी पुसून मग तेल, प्रत्येक कडीला एक थेंब. शेवटी दोन्ही टायर हाताने फिरवत बोटांनी चाचपा. बाभळीचा किंवा करवंदीचा काटा रुतलेला सापडेलच. ट्यूब असेल तर काटा काढून टाका आणि पंक्चर आहे का बघा. ट्यूबलेस असेल तर काटा उपटताच ते भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवा, म्हणजे सीलंट तिथे जमा होईल, आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. फसफस थांबली नाही तर प्लग घाला.